पाटीवरची सरस्वती, कागदावरची सरस्वती

मराठीच्या प्राध्यापकांना चित्र पाहता येत नाही, असे विधान केले तर ते अनेकांना उर्मटपणाचे वाटेल. तरीही ते आम्ही करीत आहोत, कारण त्याचा पुरावा प्रत्येक मराठी विभागात उपलब्ध आहे. पदव्युत्तर वर्गात मर्ढेकरांचा लयसिद्धान्त शिकवला जातो. संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे फळ्यावर लिहून दिली जातात. रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' आणि प्रभाकर पाध्यांचा 'सौंदर्यानुभव' संदर्भग्रंथांच्या यादीत न चुकता असतात. मर्ढेकरांनी आपली मांडणी करताना चित्र आणि संगीत या कला सतत डोळ्यांपुढे ठेवल्या होत्या. बहुतेक वर्गांत मात्र वर्षभरात एकही चित्र विद्यार्थ्यासमोर येत नाही. विद्यार्थी विरोधलयीची व्याख्या घडाघडा म्हणतो. पण दोन रेषांमधला विरोध दाखव म्हटले तर तो गोंधळून प्राध्यापकांकडे पाहतो, आणि प्राध्यापक घड्याळाकडे.

ही उणीव सर्वांत उघडी पडते ती साध्या रेखाचित्रापुढे. तैलचित्र असेल तर रंगांविषयी चार शब्द बोलता येतात, शिल्प असेल तर दगडाविषयी. पण कोऱ्या कागदावर पाचसात रेषांत काढलेली एक स्त्री समोर आली की आपल्या सुशिक्षित वाचकापाशी चारच प्रतिक्रिया उरतात. पहिली: हे तर कुणीही काढील. दुसरी: हात एवढा लांब कसा, आणि नाक-डोळे कुठे आहेत? तिसरी: यातून भारतीय स्त्रीची घुसमट व्यक्त होते. चौथी: हे अश्लील आहे. वरवर पाहता या चौघांची तोंडे चार दिशांना आहेत. पहिला कौशल्य मागतो, दुसरा हुबेहूबपणा मागतो, तिसरा आशय मागतो आणि चौथा वस्त्र मागतो. पण चौघांत एक गोष्ट समान आहे. त्यांच्यापैकी कुणीही रेषा पाहिलेली नाही.

यातील तिसरी प्रतिक्रिया खास आपल्या, म्हणजे साहित्याच्या लोकांची आहे, आणि आमच्या मते तीच सर्वांत घातक आहे. पहिल्या दोघांना निदान आपल्याला चित्र कळले नाही हे ठाऊक असते. तिसऱ्याला ते कळल्याचा भास होतो. चित्रातली स्त्री खाली मान घालून बसली असेल तर ती 'सोशिक', वर पाहत असेल तर 'बंडखोर', पाठमोरी असेल तर 'परात्म'. हे शब्द चित्र न पाहताही लिहिता येतात, केवळ शीर्षक वाचूनही लिहिता येतात. कवितेचे गद्य रूपांतर करून त्याला रसग्रहण म्हणण्याची जी सवय शालेय प्रश्नपत्रिकांनी लावली, तीच सवय इथे चित्राला लागू केली जाते. कवितेत काय सांगितले आहे हे लिहिले की कविता संपते. चित्रात कोण बसले आहे हे लिहिले की चित्र संपते.

हा आळस निरुपद्रवी नाही. त्याची किंमत महाराष्ट्रात जन्मलेल्या एका चित्रकाराने मोजली आहे. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ साली पंढरपूरचा. मुंबईत त्यांनी चित्रपटांचे फलक रंगवून दिवस काढले आणि १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे यांच्यासोबत ते होते. सत्तरच्या दशकात त्यांनी सरस्वतीचे एक रेखाचित्र काढले. बसलेली एक स्त्री, वीणा, मोर, पाणी, कमळ; सगळे मोजक्या रेषांत. चेहऱ्याचा तपशील नाही आणि वस्त्राचाही नाही. पुढची अनेक वर्षे या चित्राविषयी कुणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. १९९६ साली 'विचार मीमांसा' या हिंदी मासिकाने ते संतप्त मजकुरासह छापले आणि वादळ उठले. मुंबईत पोलिसांकडे तक्रार झाली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अहमदाबादेत त्यांच्या चित्रांची नासधूस झाली, १९९८ मध्ये मुंबईतल्या त्यांच्या घरावर हल्ला झाला. 'भारतमाता' म्हणून ओळखल्या गेलेल्या दुसऱ्या एका चित्रावरून २००६ मध्ये पुन्हा खटले उभे राहिले आणि नव्वदीच्या वयात त्यांनी देश सोडला. ८ मे २००८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या चित्राबाबतचे खटले रद्द केले आणि केवळ नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे हे स्पष्ट केले. हुसेन परतले नाहीत. २०१० साली त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

या प्रकरणाची राजकीय बाजू पुष्कळ लिहिली गेली आहे. आम्हाला वेगळाच प्रश्न पडतो. इतक्या वर्षांच्या वादात ते रेखाचित्र रेखाचित्र म्हणून किती जणांनी पाहिले? विरोधकांनी पाहिले नाही हे तर उघडच आहे. त्यांनी शीर्षक वाचले, वस्त्र शोधले, चित्रकाराचे नाव वाचले आणि निकाल दिला. पण बचाव करणाऱ्यांनी तरी काय केले? त्यांनी खजुराहो दाखवले, कोणार्क दाखवले, आविष्कारस्वातंत्र्याचे कलम दाखवले. न्यायालयात हे दाखले योग्यच होते. साहित्यिक व्यासपीठांवर आणि नियतकालिकांत मात्र त्यांनी रसग्रहणाची जागा घेतली. पूर्वी कुणी तरी असे केले होते, म्हणून हेही चालेल, हा युक्तिवाद चित्राचा बचाव करीत नाही; तो चित्राला फक्त जामीन मिळवून देतो. शिवाय खजुराहोचा दाखला मुळात चुकीच्या जातीचा आहे. तिथे दगडाला मांसलता आहे, गोलाई आहे, दागिन्यांचा भार आहे, प्रकाश पडला की सावली आहे. हुसेनांच्या सरस्वतीत यातले काहीच नाही. भरीव शिल्पाची साक्ष पोकळ रेषेच्या बाजूने काढणाऱ्यांनीही रेषा पाहिली नव्हती, एवढेच त्यातून सिद्ध होते.

दाखलाच द्यायचा तर तो इथे, माहुरात, डोंगरावर आहे. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेल्या रेणुकेच्या गाभाऱ्यात देवीचा पूर्णाकृती देह नाही. आहे तो सुमारे पाच फूट उंचीचा, शेंदूर चढलेला तांदळा. डोळे आहेत, मुख आहे, मुखात विडा आहे. खांदे नाहीत, हात नाहीत, पाय नाहीत. कथा सर्वांना ठाऊक आहे: शोकाकुल परशुरामाला सांगितले गेले की आई भूमीतून प्रकट होईल, पण तोवर मागे वळून पाहू नकोस. त्याला धीर धरवला नाही, तो वळला आणि तोवर वर आलेले मुखच तेवढे राहिले. मराठवाडा, विदर्भ आणि तेलंगणातून नवरात्रात पायऱ्या चढून येणारी म्हातारी या मुखापुढे उभी राहते तेव्हा 'बाकीची देवी कुठे आहे' असे विचारत नाही. तिला मुखातच संपूर्ण आई दिसते. न दाखवलेले पाहण्याची ही शक्ती तिने कोणत्याही कलामहाविद्यालयात मिळवलेली नाही.

याच भागात भाद्रपदात घरोघर महालक्ष्म्या बसतात. उंबरठ्यापासून देवघरापर्यंत पिठाची किंवा कुंकवाची पावले उमटवली जातात; दोन पावले म्हणजे चालत येणारी संपूर्ण देवी. त्यानंतर लोखंडी किंवा पत्र्याच्या बैठकीवर मुखवटा बसतो, तिला साडी नेसवली जाते आणि तिची ओटी भरली जाते. म्हणजे गाभाऱ्यात केवळ मुख, अंगणात केवळ पावले. शरीराचा एखादाच अंश घेऊन उरलेले पाहणाऱ्यावर सोपवण्याची ही रीत आपल्या घरात नांदते आहे. आधुनिक चित्रकलेने युरोपात ज्याला मोठे धाडस मानले, ते आपल्याकडे बायका दरवर्षी तांदळाच्या पिठाने करतात.

आणि सर्वांत नेमका पुरावा पाटीवरचा. दसऱ्याला पाटीपूजनासाठी महाराष्ट्रातल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी जी सरस्वती काढली ती आठवावी. एकाच्या आकड्यांनी आणि काही सरळ-तिरप्या रेषांनी बांधलेली ती आकृती. तिला नाक नाही, डोळे नाहीत, वीणा नाही, मोर नाही, हात-पाय नाहीत, आणि अर्थातच साडी नाही. पहिलीतले मूल ती काढते, तिच्यावर झेंडूचे फूल आणि आपट्याचे पान वाहते आणि हात जोडते. आजपर्यंत कुणा पालकाने शिक्षकाला 'ही सरस्वती कशी काय?' असे विचारल्याचे आम्ही ऐकले नाही. देवीचे इतके अमूर्त रेखाचित्र निमूटपणे पूजणारा समाज, देवीचे त्याहून कितीतरी मूर्त रेखाचित्र पाहून बुचकळ्यात का पडतो?

याचे एक कारण आपल्या भिंतीवर टांगलेले आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत मुद्रणालय सुरू केले, पुढे ते मळवलीला गेले, आणि तिथून छापल्या गेलेल्या देवदेवतांच्या तसबिरी घराघरांत पोहोचल्या. रविवर्म्यांचे मोठेपण आम्हाला अमान्य नाही. पण त्यांनी देवीला जी ठरावीक साडी, जो ठरावीक गौर वर्ण आणि प्रकाश-छायेची जी गोलाई दिली, ती पुढे दिनदर्शिकांनी इतकी घोटली की तीच परंपरा वाटू लागली. माहूरचा तांदळा, अंगणातली पावले आणि पाटीवरची सरस्वती या परंपरा आचरणात टिकल्या, पण नजरेतून गेल्या. आज चित्र म्हटले की सुशिक्षितालाही दिनदर्शिकाच आठवते. परंपरेच्या नावाने हुसेनांवर जो आक्षेप घेतला गेला, त्यातली परंपरा सव्वाशे-दीडशे वर्षांच्या छापील कागदाची आहे, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पाटीवरच्या सरस्वतीला देहच नाही, म्हणून नग्नतेचा प्रश्न उद्भवत नाही. हुसेनांच्या सरस्वतीला देह आहे आणि तो उघडा आहे. तेव्हा तुलना फसवी आहे, असे कुणी म्हणेल. आक्षेपात तथ्य आहे. शिवाय एक चिन्ह पूजेसाठी काढले जाते, दुसऱ्या चित्राखाली चित्रकाराची सही असते, हाही फरक आहे. भाविकाला ते चित्र रुचले नाही तर ते न रुचण्याचा त्याचा अधिकार आम्ही पूर्णपणे मान्य करतो. त्याच्या दुखावण्याची टिंगल करणे हा पुरोगामी मंडळींचा आवडता उद्योग आम्हाला पसंत नाही.

पण न रुचणे वेगळे आणि चित्रात जे नाही ते आहे म्हणून सांगणे वेगळे. नग्नता दाखवायला दोन पृष्ठे लागतात: एक त्वचेचे आणि दुसरे वस्त्राचे. रंगचित्रात ती दोन्ही असतात, म्हणून एक झाकते आणि दुसरे उघडे पडते. छायाप्रकाश न घातलेल्या बाह्यरेषेच्या चित्रात पृष्ठ एकच असते, कागदाचे. रेषेच्या आत जे पांढरे दिसते तेच रेषेच्या बाहेरही आहे. तिथे त्वचा रंगवलेलीच नाही. मग बाह्यरेषेचे चित्र कधी कामुक असूच शकत नाही काय? असू शकते. मातीस आणि पिकासो यांची अशी रेखाटने आहेत. पण ते ठरते रेषेच्या वागण्यावरून: ती कुठे रेंगाळते, कुठे जाड होते, कोणत्या अवयवापाशी वळसे घेते, पाहणाऱ्याला कुठे थांबवून ठेवते. म्हणजे अश्लीलतेचा आरोप करायचा असला तरी आधी रेषाच पाहावी लागेल. हुसेनांच्या सरस्वतीत रेषा देहावर रेंगाळत नाही. देह, वीणा, मोर आणि पाणी यांना ती एकाच वेगाने, एकाच जाडीने, एकाच अलिप्तपणे स्पर्श करून जाते. स्त्रीला जेवढा तपशील, तेवढाच मोराला. हा समभाव हेच आमच्या मते त्या चित्राचे शील आहे. कुणाला हे वाचन अमान्य असेल तर त्याने रेषेवर बोट ठेवून ते खोडावे. वाद तिथे व्हायला हवा होता.

चित्रकाराच्या धर्मावरून उपस्थित केलेला प्रश्न याच कारणाने गैरलागू ठरतो. तो प्रश्न काढणाऱ्याविषयी आहे, काढलेल्याविषयी नाही. आणि काढणाऱ्याविषयीच बोलायचे तर एवढेही लक्षात असू द्यावे की हुसेनांची आई ते अगदी लहान असताना वारली, तिचा चेहरा त्यांना आठवत नसे, आणि मदर तेरेसांवरच्या त्यांच्या चित्रमालिकेतही चेहरे कोरेच आहेत. माहूरच्या आईला मुख आहे आणि देह नाही. या चित्रकाराच्या आईला देह आहे आणि मुख नाही. मागे वळून पाहणारे दोघेही मुलगेच.

रेषा पाहायची म्हणजे नेमके काय करायचे? साधेच आहे, पण सवड लागते. रेषा कुठून सुरू झाली आणि कुठे उचलली गेली, हे आधी पाहावे. के. के. हेब्बर यांच्या नर्तकींच्या रेखाटनांत ती सहसा उचललीच जात नाही. मानेवरून खांद्यावर, तिथून कमरेच्या बाकावर उतरते आणि गिरकी घेऊन वर जाते. त्यांच्या रेखाटनांच्या पुस्तकाचे नाव 'द सिंगिंग लाइन' आहे ते उगाच नाही. हुसेनांची रेषा दुसऱ्या घराण्याची. ती गाण्यापेक्षा तोडते. कोपर, गुडघा, खांदा इथे झटकन दिशा बदलते आणि दुरूनही आकार वाचता येईल अशी ठाम राहते. फलक रंगवणाऱ्या हाताची ती सवय असावी असे आम्हाला वाटते. मग रेषेची जाडी पाहावी. दीनानाथ दलालांच्या कथाचित्रांतील स्त्री कुंचल्याच्या दाबातून घडते. रेषा फुगते तिथे पदराचे वजन येते, निमुळती होते तिथे बोट संपते. वसंत सरवट्यांची रेषा सजवत नाही, न्याहाळते. 'व्यक्ती आणि वल्ली'तली माणसे त्यांनी काढली ती अशा, किंचित मिस्कील रेषेने. त्यानंतर कोरी जागा पाहावी. चित्रकाराने काय काढले नाही आणि ते न काढताही आपल्याला का दिसले, हा रेखाचित्रातला सर्वांत अर्थपूर्ण प्रश्न आहे. आणि अखेरीस रेषांचे परस्परसंबंध: ताठ दांड्याशेजारी वाकलेली पाठ असेल तर तिथे विरोध आहे, मोराच्या मानेत दंडाचे वळण पुन्हा भेटत असेल तर तिथे संवाद आहे. मर्ढेकरांचा सिद्धान्त इथे पंधरा मिनिटांत कळतो; एरवी त्याला तीन तासिका लागतात आणि तरीही तो कळत नाही.

'हे तर कुणीही काढील' म्हणणाऱ्यालाही उत्तर याच वाटेवर मिळते. छायाप्रकाशाच्या चित्रात चूक झाकता येते. एका रंगावर दुसरा चढवता येतो. शाईच्या एका रेषेला माघार नसते. म्हणूनच चांगल्या चित्रकारांच्या वह्यांत अशा एका रेषेमागे टाकून दिलेल्या शेकडो रेषा असतात. अभंगाचे शब्द सोपे असतात म्हणून अभंग कुणीही लिहील असे मराठीचा कोणताही प्राध्यापक म्हणणार नाही. हा न्याय चित्राला नाकारण्याचे कारण काय?

हे सारे साहित्याच्या विद्यार्थ्याने का करावे, असे विचारले जाईल. उत्तरासाठी फार दूर जायला नको, लातूरला जावे. वसंत दत्तात्रय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता १९९४ साली बँक कर्मचारी संघटनेच्या अंकात छापली गेली. तिच्यावरून लातूरमध्ये गुन्हा नोंदवला गेला आणि ते प्रकरण २०१५ साली सर्वोच्च न्यायालयात निकालाला आले. तिथे मुद्रक-प्रकाशकांची सुटका झाली, पण कवीला मात्र खटल्याला तोंड द्यावे असे ठरले. रेखाचित्रात जे घडले तेच कवितेत घडले: शब्द सुटे काढले गेले, त्यांची यादी झाली, आणि त्यांना एकत्र बांधणारी उपरोधाची रेषा कुणी पाहिली नाही. २००४ च्या जानेवारीत पुण्याच्या भांडारकर संस्थेवर चालून गेलेल्या जमावानेही पुस्तक वाचले असण्याची शक्यता कमीच. न पाहता, न वाचता दुखावले जाण्याची कला आपल्याकडे चांगलीच विकसित झाली आहे. तिला तोंड देण्यासाठी सह्यांची पत्रके काढली जातात आणि ती काढलीच पाहिजेत. पण पत्रकावर सही करणारा प्राध्यापक दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच कवितेचा 'आशय' चार ओळींत लिहून देत असेल, तर जमाव आणि वर्ग यांच्या वाचनपद्धतीत फरक तो काय राहिला?

म्हणून आमची मागणी मर्यादित आणि करता येण्याजोगी आहे. नांदेडच्या विद्यापीठात असो वा अन्य कुठे, साहित्यशास्त्राच्या आणि सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासपत्रिकेला दहा रेखाचित्रे जोडावीत. त्यांत एक माहूरच्या तांदळ्याचे असावे, एक पाटीवरच्या सरस्वतीचे, एक दलालांचे, एक सरवट्यांचे, एक हेब्बरांचे आणि एक हुसेनांचे. नरहर कुरुंदकरांनी याच नांदेडात बसून सौंदर्यविचारावर वाद घातले. त्या गावाला हे जड जाऊ नये. अंतर्गत मूल्यमापनात विद्यार्थ्याला एक चित्र द्यावे आणि पहिल्या प्रश्नात 'अर्थ', 'संदेश', 'वेदना' हे शब्द वापरण्यास मनाई असावी. पहिला प्रश्न एवढाच असावा: रेषा कुठे सुरू होते, कुठे थांबते, आणि ती थांबल्यावरही तुमचा डोळा पुढे का जातो? ज्याला याचे दहा ओळींत उत्तर देता येईल, त्याला पुढच्या तासाला कविता द्यावी.